वनपिंगळा, घूस आणि हिलाल नाना

मी वनपिंगळा पाहिला आहे. हे एवढंसं वाक्य मी आजवर एका माणसाखेरीज कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, आणि जिथे सांगायला हवं होतं तिथे तर नाहीच नाही.

पण वनपिंगळा सांगायचा तर आधी हिलाल नाना सांगावे लागतात, आणि हिलाल नानांची सुरुवात पक्ष्यापासून करून चालत नाही. घुशीपासून करावी लागते.

नाना सकाळी दात घासताना घुशीशी बोलत. जळगावात मेहरूण तलावाजवळ अक्कांच्या चाळीत आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या, आणि मोरीच्या कोपऱ्यात घुशीचं बीळ होतं. नाना तोंडात ब्रश धरून उकिडवे बसत आणि बिळाकडे बघून म्हणत, "दात घासतोय. तुला काय, तुझे आपोआप झिजतात." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, हिचे दात जन्मभर वाढतात. कुरतडलं नाही तर मरेल. आपण उगाच हावरट म्हणतो." मी नुकताच नोकरीला लागलो होतो. कॉलेजात प्राणिशास्त्राचा कच्चा लेक्चरर, आणि नाना त्याच विभागात मुरलेले. पहिल्या भेटीत त्यांनी माझं नाव विचारलं नव्हतं. माझ्या पुढच्या दोन दातांकडे बघून म्हणाले होते, "कृंतक गण?" म्हणजे उंदीर-घुशींचा.

नाना शिंदखेड्याकडचे. हिलाल हे नाव बाहेरच्यांना वेगळं वाटतं, आमच्या खानदेशात पाटलांच्या घरोघरी असतं. एरवी बोलणं कॉलेजातलं, शुद्ध. पण आनंद झाला किंवा राग आला की आतून अहिराणी वर यायची. "बठ्ठं सोपं शे भाऊ," म्हणजे सगळं सोपं आहे, हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. ते ऐकलं की समजायचं, आता काहीतरी फार अवघड सांगणार.

माणसांना ते दोनच गोष्टी लावत: वर्गीकरण आणि स्थिती. स्थिती म्हणजे मुबलक, दुर्मिळ, संकटग्रस्त, नामशेष. ज्याचं काहीच कळत नाही तो 'अपुरी माहिती'. कॉलेजचा शिपाई 'स्थानिक, मुबलक, दुपारी आढळत नाही'. प्राचार्य 'हिवाळी पाहुणे'. एकदा भुसावळकडचे एक गृहस्थ आमच्या विभागातल्या एका मुलाची चौकशी करायला आले. मुलगी द्यायची होती. "मुलगा कसा आहे, नाना?" नानांनी बराच विचार करून सांगितलं, "मुबलक." सोयरीक मोडली. खुद्द नानांना कुणी विचारलं, लग्न का नाही केलं, तर ते शांतपणे म्हणत, "अपुरी माहिती," आणि पुढे कुणाची विचारायची हिंमत होत नसे.

उंदीर, घुशी हा त्यांचा अभ्यास. पिंजऱ्यात उंदीर धरायचा, पाठीवर रंगाची खूण करायची, तलावापलीकडे सोडायचा आणि परत येतो का बघायचं. येत असे. रंग म्हणून ते हलवायाकडून जिलेबीचा केशरी रंग आणत. एका चतुर्थीला अक्कांना देव्हाऱ्यापाशी केशरी उंदीर दिसला. त्यांनी हात जोडले, त्याच्यापुढे मोदक ठेवला आणि साऱ्या चाळीला बोलावलं. नाना आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "अक्का, हा मी मंगळवारी रंगवलेला. पण येऊ दे, भक्तीला खूण लागतेच." त्या दिवसापासून अक्कांनी चाळीत उंदराचं औषध घालणं बंद केलं. नानांना तेच हवं होतं.

आणि दर वर्षी पहिल्या तासाला नानांचं ते ठरलेलं व्याख्यान. फळ्यावर मधोमध रेघ. डावीकडे वनपिंगळा, उजवीकडे घूस.

"सृष्टी, दोघांची प्राणी. दोघांनाही पाठीचा कणा. इथपर्यंत एकत्र कुटुंब. मग वर्गापाशी वाटण्या झाल्या. हा पक्षी, ती सस्तन. हा घुबडांच्या गणात, ती कृंतकांच्या. आता स्थिती. घूस तुमच्या घरात, आत्ता, तुम्ही इथे बसला असताना पोतं फोडतेय. सरकारच्या कायद्यात उंदीर उपद्रवी. मारायला परवानगी लागत नाही. आणि हा?" नाना डाव्या रकान्याकडे बघत, आणि त्यांचा आवाज खाली येई. "ह्याला शंभर वर्षांत कुणी पाहिलेलं नाही. शेवटचे नमुने गोळा झाले ते आपल्या खानदेशात. विलायतेच्या कपाटात आपल्या गावचा पक्षी पेंढा भरून पडलाय, आणि आपण त्याला ओळखत नाही. बरं, ह्या दोघांपैकी तुम्हाला जास्त माहिती कुणाची?"

पोरं ओरडत, "घुशीची!"

"मग सांगा, तिला एका वेळी पिल्लं किती होतात?"

पोरं वह्या चाळत.

"म्हणजे माहिती दोघांचीही नाही. फक्त एकाची वाट बघता येते."

वाट मात्र ते एकटेच बघत होते. दर हिवाळ्यात नाना सातपुड्यात जात. जुनी मोडकी दुर्बीण, दशम्या, लसणाची चटणी. परत आले की स्टाफरूममध्ये विचारणा होई, "काय नाना, दिसला का जावई?" नाना म्हणत, "त्यानं मला बघितलं असेल. मी नाही त्याला."

असाच एक हिवाळा आला आणि ते माझ्या खोलीत येऊन म्हणाले, "शहाद्याच्या वरच्या बाजूला, तोरणमाळच्या पायथ्याशी माझा एक विद्यार्थी आश्रमशाळेवर मास्तर आहे. तो म्हणतो, दिवसाढवळ्या उन्हात बसणारा पिंगळा आहे. चल."

"रजा कुठून आणू, नाना? मी अजून कायम झालेलो नाही."

आमचे विभागप्रमुख साहेब रजेच्या बाबतीत फार कडक. लग्नाला नाही, आजाराला नाही. फक्त मरणाला मिळे. मी अर्जात लिहिलं, चुलते वारले, दहाव्या-तेराव्यासाठी रजा मिळावी. साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सही केली.

धुळ्याच्या स्टँडवर एस.टी. बदलताना नानांनी विचारलं, "कोनले मारं?"

"काकांना."

"कोणत्या?"

"असोद्याच्या."

नाना थबकलेच. "भरीतवाले? अरे, जिल्ह्यात असं भरीत ठेचणारा दुसरा नाही! मारायचं तर एखादा मुबलक काका मारायचा."

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्यावर आम्ही त्या जागी पोचलो. विरळ रान, सागाची पानं गळालेली, मध्ये एक मोकळा उतार आणि त्यात शेंडा वाळलेलं एक झाड. मास्तर शाळेसाठी परत गेला होता. मी चपलेतला काटा काढत होतो. नानांनी माझा दंड धरला. धरला म्हणजे आवळला.

शेंड्यावर पक्षी बसला होता. मूठभर, गोल डोक्याचा, भर उन्हात, एखादा म्हातारा ओट्यावर ऊन खात बसतो तसा. नेहमीच्या पिंगळ्याचं डोकं ठिपक्यांनी भरलेलं असतं. याचं साधं, तपकिरी. छातीवर गडद पट्टा, खाली पांढरंशुभ्र पोट, पायांवर पांढऱ्या पिसांचे जाड मोजे. शेपूट झटका दिल्यासारखी डावीकडे, उजवीकडे हलत होती. आणि पंजाखाली उंदीर होता.

नाना पुटपुटले, "दोन्ही रकाने एकाच फांदीवर."

मग मी बाजूला पाहिलं, तर नाना पक्ष्याकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते. डोळे भरलेले, आणि आवाज एखाद्या लहान पोराचा. "तू देखी राह्यना ना, भाऊ? देखी राह्यना ना?"

"देखतोय, नाना."

तेव्हा कुठे त्यांनी दुर्बीण वर केली. तो बराच वेळ बसला. उंदीर संपवला, एकदा आमच्याकडे पाहिलं, आणि उताराच्या पलीकडे उतरला. आमच्याकडे कॅमेरा नव्हता. कॉलेजचा होता, पण तो साहेबांच्या सहीशिवाय मिळत नसे, आणि साहेबांच्या हिशेबी मी सुतकात होतो.

त्यानंतर मी पुष्कळ रानं फिरलो. इतकं स्वच्छ ऊन मला पुन्हा कुठे दिसलं नाही.

नानांनी स्टाफरूममध्ये सांगितलं आणि लोक पोट धरून हसले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. त्यात माझी नोकरी अडकलेली होती हे त्यांना माहीत होतं. एवढंच म्हणाले, "माझ्यासोबत एक साक्षीदार आहे. वेळ आली की बोलेल." मग त्यांनी पुण्याच्या एका पक्षितज्ज्ञांना कळवलं. तज्ज्ञांचं उत्तर आलं, की व्याख्यानासाठी जळगावला येतोच आहे, दोघांनाही भेटतो. दोघांचं वर्णन जुळलं तर शोधपथकाची शिफारस करतो. नाना आठवडाभर मोरीतल्या घुशीला हे उत्तर वाचून दाखवत होते.

पाहुणे हिवाळ्यात आले म्हणजे खानदेशात भरीत आलं. साहेबांनी जाहीर केलं, "वांगी असोद्याची! तुमचं गाव ना ते? मग पार्टी तुमच्याच शेतात." मी मारलेले काका तिथेच राहत होते. काकांना दोन दिवस भुसावळला धाडायची मी खटपट केली. पण असोद्यात भरीत आणि काका घरी नाहीत, हे त्यांना अपमानासारखं वाटलं. ते भल्या सकाळी केळीच्या बागेत हजर. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ केला, हिरवी लांबोडकी वांगी भाजली, आणि धोतर खोचून लाकडी भांड्यात ठेचायला बसले. साहेबांनी विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "आमच्या गल्लीतले आबा." काकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, पोरगा गंमत करतोय.

पंगत बसली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, भरीत, पातीचा कांदा. साहेब पाहुण्यांना कौतुकानं सांगू लागले, "ह्यांचे काका नुकतेच गेले हो. तरी बिचाऱ्यानं सगळी व्यवस्था केली."

काकांचा हात भांड्यातच थांबला. "अरेरे! कोन्ता काका मेला रे भो? मले तं कोनी सांगतलं नाही!"

"दूरचे," मी म्हणालो.

"मंग मी सुतकात भरीत ठेचलं का काय?"

दोन-चार जण हसले. गल्लीतला म्हातारा, थोडा भोळा असेल, असं त्यांना वाटलं. एकटे नाना हसले नाहीत. ते पुरीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत होते. पाहुण्यांनी हात पुसले आणि मूळ विषयावर आले.

"हिलालराव, वर्णन मी वाचलं. उत्तम आहे. पण शंभर वर्षांचा प्रश्न आहे, एकट्याच्या शब्दावर काही करता येत नाही. तुमचे साक्षीदार कोण?"

नानांनी माझं नाव तेव्हाही घेतलं नाही. ती जागा त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली होती.

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही ह्यांचे शेजारी. तुम्ही तर नव्हता ना सोबत?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाले, "छे, कसे असतील? त्याच आठवड्यात तर ह्यांच्याकडे दहावं होतं."

मला काही बोलावंही लागलं नाही. मी फक्त मान हलवली.

काकांनी ते पाहिलं. दहावं, काका, गल्लीतले आबा, हे सगळं त्यांच्या डोक्यात जुळत असलेलं मला दिसत होतं. ते बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात नाना मोठ्यांदा हसले. मी त्यांना असं हसताना आधी कधी ऐकलं नव्हतं.

"साक्षीदार-बिक्षीदार कुणी नाही," ते म्हणाले. "मीच थाप मारली. एकट्याचं कुणी ऐकत नाही म्हणून. आबा, भरीत वाढा हो. इकडे, मला. पोटभर वाढा."

काका वाढायला उठले आणि त्यांचं बोलणं राहून गेलं. पाहुण्यांचा चेहरा विझला. साक्षीदाराची थाप मारणारा माणूस पक्ष्याची मारणार नाही कशावरून? ते सभ्य गृहस्थ होते. विषय बदलून त्यांनी केळीच्या भावाची चौकशी केली.

परतताना एस.टी.त नाना माझ्या शेजारीच बसले. मी शब्द जुळवत होतो. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "भरीत चांगलं होतं. काकाला जप." पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही.

काकांनी मला वर्षभर सोडलं नाही. घरी गेलो की काकूला हाक मारायचे, "पान वाढ वं, माह्या दहाव्याले पाहुना आला." एवढं बोलून त्यांचा राग संपला. तेवढ्यावर सुटलो असतो तर बरं झालं असतं.

मी कायम झालो. नानांचं नाव मात्र 'थापेबाज सर' पडलं ते पडलंच. मुलं तासाला घुबडाचा आवाज काढत. पुढच्या जूनमध्ये मी मुद्दाम त्यांच्या पहिल्या तासाला वर्गाबाहेर उभा राहिलो. नानांनी फळ्यावर रेघ मारली नाही. नुसतीच घूस काढली, फळाभर. वर्गीकरण सांगितलं, स्थिती सांगितली आणि तास लवकर सोडला. सातपुड्याच्या वाऱ्याही थांबल्या. काही वर्षांनी ते निवृत्त होऊन शिंदखेड्याला गेले. जाताना अक्का रडल्या. मी सामान ट्रकमध्ये चढवू लागलो, आणि तेव्हाही बोललो नाही.

मग सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात बातमी आली. शहाद्याकडच्या रानात वनपिंगळा सापडला. परदेशातून अभ्यासक आले होते, त्यांनी पाहिला, फोटो काढले. स्टाफरूममध्ये पेपर हातोहात फिरला. विभागप्रमुख आता मी होतो. एक तरुण लेक्चरर म्हणाला, "आपल्याकडे कुणी थापेबाज सर होते ना, त्यांनी हीच थाप मारली होती म्हणे. काय योगायोग!" सगळे हसले. मी चहा ढवळत राहिलो.

त्या रविवारी मी शिंदखेड्याला गेलो. पुतण्याच्या घरामागे नानांची खोली होती. ते बाजेवर बसलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, समोर मूठभर ज्वारी सांडलेली, उंदरांसाठी असणार. मी बातमी वाचून दाखवली. त्यांनी ती मध्ये एकदाही न बोलता ऐकली.

"किती जण होते?" त्यांनी विचारलं.

"तिघं, असं दिसतंय."

"तिघं!" त्यांचा चेहरा उजळला. "बरं झालं. एकट्यानं पाहू नये, भाऊ. फार जड जातं."

मी मान खाली घातली. ते थोडं पुढे सरकले.

"डोक्यावर ठिपके?"

"नव्हते, असं लिहिलंय."

"लिहिलंय ते राहू दे. तू सांग."

बाहेर पुतण्याची सून धुणं आपटत होती. मी हातातला पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"नव्हते, नाना. साधं तपकिरी डोकं होतं. शेपूट अशी, दोन्हीकडे हलत होती. पायावर पांढरे मोजे. आणि पंजाखाली उंदीर."

नानांनी माझा दंड चाचपला आणि धरला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "इतला दिन माले वाटाले लागनं होतं, मी खरंच थाप मारी. लोकं म्हनेत, म्हनेत... मंग आपलेच खरं वाटस."

मला वाटत आलं होतं, त्यांनी मला माफ केलं की नाही हा प्रश्न आहे. तो प्रश्नच नव्हता. मी त्यांची नोकरी घेतली नव्हती, पैसा घेतला नव्हता. जन्मभर वाट पाहून त्यांना जे एकदा दिसलं, ते दिसलं होतं ही खात्रीच मी काढून घेतली होती. आणि हे सांगताना ते ज्वारीचे दाणे माझ्या पायाखाली येऊ नयेत म्हणून हातानं बाजूला सारत होते.

आम्ही संध्याकाळपर्यंत त्या पक्ष्याबद्दल बोललो. तो आधी कुठल्या अंगाला वळला यावरून भांडलोही. निघताना नाना दारापर्यंत आले. "बठ्ठं सोपं शे भाऊ," म्हणाले, आणि पुढे काय सोपं आहे ते सांगितलंच नाही.

नाना अजून आहेत. काका दोन वर्षांपूर्वी गेले, खरोखरचे. शिंदखेड्यात बंद खोलीत, ज्याला दिसत नाही अशा एका म्हाताऱ्याला मी जे सांगितलं, ते पुरेसं नाही. त्यांना थापेबाज ठरवलं ते भर पंगतीत, आणि ते नाव चाललं आमच्या स्टाफरूममध्ये. तिथे, सगळ्यांसमोर, उभं राहून मला सांगायचं आहे की हिलाल नानांना साक्षीदार होता आणि तो मी होतो. अजून सांगितलेलं नाही. एवढं मी त्यांचं देणं लागतो.